फेज सोडतानाचा हिसका

स्विच्ड रिलक्टन्स मोटरच्या रोटरवर वाइंडिंग नसते आणि चुंबकही नसते. असतात फक्त दाते कापलेल्या स्टँपिंगच्या चकत्या. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके निर्यात करण्यावर परवान्याची अट घातली, तेव्हा विद्युत वाहनांचे कारखाने अडचणीत आले आणि या बिनचुंबकाच्या मोटरचे नाव पुन्हा निघाले. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना तिची बॉडी ओतणे जड नाही. घोडे अडते ते फेजना करंट पुरवणाऱ्या कन्व्हर्टरपाशी.

स्टेटरला 8 आणि रोटरला 6 दाते असलेल्या चार फेजच्या मोटरमध्ये एका फेऱ्यात 24 वेळा करंट एका फेजकडून दुसऱ्या फेजकडे जातो. या हस्तांतरात टॉर्क खाली बसतो, तोच टॉर्क रिपल. 1500 आरपीएमला हे सेकंदाला 600 वेळा घडते. पंचगंगेकाठच्या उपसा पंपाला त्याचे काही वाटत नाही; फिरत्या भागांची जडता ते पचवते, उरतो तो आवाज. पन्हाळ्याच्या चढावर थांबून पुन्हा सुटणाऱ्या ई-रिक्षाला मात्र हिसके बसतात.

कमी वेगात उपाय सोपा असतो. व्होल्टेज हाताशी भरपूर असते, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या फेजचे करंट असे आखता येतात की दोन्ही टॉर्कची बेरीज स्थिर राहावी. वेग वाढला की हे गणित कोलमडते. समजा, फेज रिकामी व्हायला 325 व्होल्टच्या डीसी बसवर 0.6 मिलिसेकंद लागतात. 1500 आरपीएमला तेवढ्यात रोटर 5.4 अंश सरकतो. दाते समोरासमोर येऊन पुढे सरकले आणि करंट तरीही उरलेला असला, तर तो रोटरला मागे खेचतो.

नेहमीच्या असममित अर्धसेतूत प्रत्येक फेजला दोन स्विच आणि दोन डायोड, म्हणजे चार फेजना 8 स्विच लागतात. वरचा स्विच सामाईक ठेवून हे काम 5 स्विचमध्ये भागवता येते. पण दोन फेज एकाच वेळी चालू असताना तो सामाईक स्विच बंद करता येत नाही, म्हणून जाणाऱ्या फेजवर उलटे व्होल्टेज येत नाही आणि करंट रेंगाळतो. वाचवलेले तीन स्विच असे रिपलच्या रूपाने वसूल होतात.

खरा फायदा बूस्ट कपॅसिटरचा. बंद होणाऱ्या फेजमधली ऊर्जा तो साठवतो आणि तेच वाढीव व्होल्टेज पुढच्या फेजला लवकर उभे करते. 325 चे 500 व्होल्ट झाले, तर 0.6 चा वेळ 0.4 मिलिसेकंदांवर येतो. मात्र कपॅसिटर मोठा घेतला तर व्होल्टेज पुरेसे चढत नाही, लहान घेतला तर जास्त लोडवर ते स्विचची मर्यादा ओलांडू पाहते. 600 व्होल्टचे आयजीबीटी स्विच इथे अपुरे पडतात, 1200 व्होल्टचे घ्यावे लागतात आणि त्यांतली ऊर्जाहानी थोडी जास्त असते.

तेव्हा पंपासाठी हा खर्च करू नये, साधा अर्धसेतू पुरे. वेगाने फिरणाऱ्या आणि आवाज न चालणाऱ्या मोटरसाठी मात्र स्टँपिंगचा साचा बदलण्याआधी कन्व्हर्टरचे व्होल्टेज तपासावे; साचा दुरुस्त करण्यापेक्षा कपॅसिटर बदलून पाहणे स्वस्त पडते.