वैशाख सरताना

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ओळखीची निम्मी माणसं महाबळेश्वरला नाहीतर कोकणात असतात. आम्ही दोघं मात्र हे दिवस राखून ठेवतो ते पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांसाठी. सासवड, यवत, सुपे, भिगवण. पहाटे गाडी काढायची, ऊन चढायच्या आत एखादी सावली गाठायची, चारनंतर पुन्हा माळावर आणि रात्रीच्या जेवणाला घरी. बरोबर ताकाचा थर्मास, दशम्या, कैरीचा तक्कू आणि ह्यांची जुनी दुर्बीण.

“या उन्हात माळावर आहे तरी काय?” असं शेजारच्या वहिनी दर वर्षी विचारतात. त्यांना मी टिटवीचं सांगते.

सुप्याजवळ एका माळाच्या कडेला टिटवीच्या जोडीनं अंडी घातली होती. घरटं म्हणावं तर तसं काहीच नाही. मुरमातला उथळ खळगा, भोवती खडे आणि शेळीच्या वाळक्या लेंड्या, आत मातकट रंगाची, काळपट डागांची चार अंडी. नजर हलली की परत सापडायची नाहीत. दोघींनी डोक्यावर घिरट्या घालत आकांत मांडला, तसे आम्ही मागे फिरलो आणि लांबवर गाडीत बसून दुर्बिणीतून बघत राहिलो. जरा वेळानं एक टिटवी परतली, पण अंड्यांवर बसली नाही. आपली सावली त्यांच्यावर पडेल अशी नुसती उभी राहिली, चोच उघडी, गळा धपापतोय. पुष्कळ वेळानं दुसरी आली ती गुरांच्या हौदावरून, पोटाची पिसं भिजवून. पहिली बाजूला झाली आणि दुसरीनं ते ओलं पोट अंड्यांना टेकवलं. त्यांच्यात नर कोणता, मादी कोणती हे दिसण्यावरून कळत नाही. पाळ्या दोघांच्या सारख्याच. “अगं, ही ऊब नाही देत, गारवा देताहेत,” हे म्हणाले आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

त्याच माळावर कोकणातून परतलेला धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर वर यायचं, हा त्यांचा शिरस्ता. मेंढरांमागून आलेल्या म्हाताऱ्या बाबांना ह्यांनी ताक दिलं. टिटवीचं त्यांना आधीच ठाऊक होतं. “उंचवट्यावर घातल्यात. औंदा पाऊस बरा हाय,” म्हणाले. मी असल्या ठोकताळ्यांवर विसंबत नाही; पण ज्या माणसाला माळावरचं प्रत्येक अंडं ठाऊक आहे, त्याच्या शब्दाला वजन असतंच.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकाऱ्यांना तेवढा तरी आसरा आहे. भर उन्हात ती बाभळीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत उभी असतात, आणि शेपटी हलली तरच तिथं हरीण आहे हे कळतं. सावलीला आम्ही बहुधा भुलेश्वर गाठतो. बाहेर कातळ तापलेला आणि मंदिराच्या आतल्या अंधारात पायाखालची फरशी गार. तिथं दशम्या खाऊन भिंतीवरची शिल्पं बघत दुपार जाते.

उजनी मात्र दर वर्षी वेगळी दिसते. 1980 च्या सुमारास भीमेवरचं धरण पुरं झालं आणि काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेव त्यांतलंच एक. उन्हाळ्यात पाणी पुरतं उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं. एकदा गेलो तेव्हा नऊवारी नेसलेल्या एक आजी नातसुनेला घेऊन गाळातून चालत होत्या. भेगाळलेल्या जमिनीवर एका जागी थांबून त्यांनी पायानं रेघ ओढली. “हितं उंबरा. हितं चूल. आन् हितनं घाटावर पाण्याला.” नातसून मोबाइल खाली करून बघायला लागली. आजींच्या हिशेबात भिंती अजून उभ्या होत्या. त्या रेघ ओलांडून गेल्या नाहीत, फिरून दारातूनच आत गेल्या. आमच्या घरातली साखर कुणाच्या उंबऱ्यावरून आलीय, हे त्या दिवशी दोघांनाही फार लागलं. परतताना बराच वेळ कुणी बोललं नाही.

सगळ्याच फेऱ्या अशा जड नसतात. सिंहगडाच्या वाटेवर पळसाच्या द्रोणात करवंदं मिळतात, आणि “कोंबडा की कोंबडी?” हा खेळ आम्ही अजून खेळतो. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरेल त्यानं घरी जाऊन चहा करायचा. काजवे बघायला जाणं आम्ही सोडून दिलं. हजारो गाड्यांच्या दिव्यांत त्या किड्यांनी एकमेकांना खुणावायचं कसं? झाडाखालच्या गवतात बसलेल्या माद्या तर पायांखालीच जातात.

रोहिणीचा वळीव आम्हाला एकदा जेजुरीच्या अलीकडे गाठून गेला. आधी धुळीची भिंत आली, मग टपोरे थेंब. अर्ध्या तासात उघडलं आणि कुठूनसा पावशा “पेर्ते व्हा, पेर्ते व्हा” सुरू झाला. आम्ही गाडीची दारं उघडून ओल्या मातीत पाय सोडून बसलो. चार थेंब पडल्याबरोबर वाळवीचे पंख फुटलेले किडे वर निघाले आणि क्षणात त्यांच्यामागे कोतवाल, वेडे राघू. एवढं सगळं त्या ‘बोडक्या’ जमिनीत होतं.

म्हणूनच सरकारी कागदात माळाला ‘पडीक’ म्हणतात ते मला सोसत नाही. लांडगा, चिंकारा, टिटवी, माळढोकाची गेलेली पिढी, धनगरांची मेंढरं, हे सगळं गवतावर जगतं. तिथं खड्डे घेऊन गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की माळ हिरवा दिसतो आणि मरतो. जूनमध्ये ह्यांच्या जुन्या कचेरीतल्या मंडळींचं वृक्षारोपणाचं निमंत्रण येतं. यंदा ह्यांनी फोन करून सांगितलं, “झाडं शहरात लावा, रस्त्याकडेला लावा, मी खड्डे खणायला येतो. माळावर नको.” तिकडून का म्हणून विचारणा झाली, तेव्हा ह्यांनी त्यांना रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या दाराशी यायला सांगितलं. तिघं येणार आहेत. दशम्या जास्त कराव्या लागतील.