वारसाहक्कातलं पिस्तूल

खंडेनवमीला पाटावर विळा, कोयता, अडकित्ता मांडले जायचे आणि आमच्यापैकी काहींच्या घरी त्या रांगेत युद्धातून आणलेलं एक पिस्तूलही असायचं. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या पट्ट्यात ज्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात सुभेदार नाहीतर जमादार होते, त्या घरांची ही गोष्ट. आजोबा आधी मॅगझिन काढत, चेंबर रिकामं असल्याचं स्वतः बघत, मग आजीलाही दाखवत. तेलाची चिंधी फिरे, मुठीवर हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल ठेवलं जाई. वर्षभर गप्प असणारा माणूस त्या दिवशी इटलीबद्दल बोले. मराठा पलटणीतल्या यशवंत घाडगे यांना ज्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती १० जुलै १९४४ची, टायबरच्या खोऱ्यातली. नामदेव जाधवांनी सेनियो नदीकाठी पराक्रम केला तो ९ एप्रिल १९४५चा. ही नावं, या नद्या आम्हाला पुस्तकातून नव्हे, त्या पाटासमोर बसून कळल्या.

आता नवमीला पाट मांडला जातो, पण पिस्तूल बहुधा घरात नसतं. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावाचा होता, आणि त्यांच्यानंतर विनापरवाना ते घरात ठेवणं हा गुन्हा. म्हणून ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा असतं, बदल्यात आपल्याकडे एक पावती असते. वारसाचा अर्ज मंजूर होईपर्यंत ते तिथेच राहतं, आणि कायदा असा आहे हे बरंच आहे. उशाखाली भरलेलं हत्यार ठेवून झोपणारी माणसं त्या पिढीत होती आणि त्याच खोलीत लहान मुलंही झोपत. त्या निष्काळजीपणाला जिव्हाळा म्हणायला मन धजत नाही.

तेव्हा परवाना म्हणजे एक जाड पुठ्ठ्याची वही. घेतलेल्या काडतुसांची नोंद दुकानदार तीत करी, नूतनीकरणाचा शिक्का कचेरीत बसे. ठरलेल्या महिन्यात आजोबा इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून मामलेदार कचेरीत जात. तिथला कारकून त्यांना पलटणीच्या नावानं ओळखे, फौजदार खुर्ची देई. परत येताना आमच्यासाठी खाऊ येई, म्हणून ती तारीख आम्हालाही पाठ असे. पण हीच ओळख ज्यांना नव्हती त्यांचं काय होई, हेही सांगायला हवं. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्र कायदा कलेक्टरच्या मर्जीवर उभा होता. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला, १९६२मध्ये अमलात आला, तरी पाटील, इनामदार, पेन्शनर यांना खुर्ची आणि बाकीच्यांना व्हरांडा ही रीत लगेच गेली नाही. कचेरीच्या भीतीनं काहींनी आणलेलं पिस्तूल नोंदवलंच नाही. ते कणगीत, आढ्याला, विहिरीत गेलं. आज त्यांच्या नातवंडांना वारसाचा मार्गच नाही, कारण मूळ परवानाच नाही.

आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक क्रमांक असतो आणि अर्ज संगणकावर भरायचा असतो. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, पोलिसांची चारित्र्य पडताळणी. पलटणीचं नाव कोणी विचारत नाही, कोट घालून गेलात तरी फरक पडत नाही. आणि २०१६च्या शस्त्र नियमांत वारस म्हणून मुलगी आहे, सून आहे, बहीण आहे, नातही आहे. आजोबांच्या वेळी पिस्तूल थोरल्या मुलाकडे जायचं आणि आत्यानं त्याबद्दल काही बोलायचं नसायचं. नियमांच्या या एका ओळीसाठी मी ती सगळी कागदपत्रं आनंदानं गोळा करीन.

हत्याराचा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, मात्र सगळं ठरवतो. ७.६५ मिलिमीटरचं वाल्थर किंवा १९३५चं बेरेटा आपल्याकडे .३२ म्हणून ओळखलं जातं आणि जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा शहरात पोलीस आयुक्तांकडे त्याचा परवाना होऊ शकतो. ९ मिलिमीटरचं लुगर असेल तर तो प्रतिबंधित बोअर. तो विषय दिल्लीचा, आणि त्या जातीचं हत्यार बेकायदा सापडलं तर कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ ते १४ वर्षं. एकाच खंदकातून उचललेल्या दोन पिस्तुलांचं नशीब असं वेगळं होतं. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला ३ऐवजी २च शस्त्रांची मुभा ठेवली. कोकणात शेतीसंरक्षणाची बंदूक रानडुकरांसाठी लागते. तेव्हा तिसरं म्हणून काय द्यायचं, असा प्रश्न पडल्यावर कपाटातलं पिस्तूलच आधी पुढे येतं.

राज्याच्या सीमेचं दुखणं बेळगावकरांना नीट ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथलं, पेन्शन घेऊन तिथेच स्थायिक झालेली कुटुंबं पुष्कळ. १ नोव्हेंबर १९५६ला माणूस जागचा हलला नाही, पिस्तूलही हललं नाही, पण दोघं मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हा बेळगावहून कोल्हापूरला दसऱ्याला जाताना आजोबा पिस्तूल पिशवीत घालत आणि एस.टी.त बसत. परवान्यावर कोणतं क्षेत्र लिहिलंय हे कितीजण बघत असतील, कोण जाणे. ते चूकच होतं.

आज बेळगावात असलेला परवाना पुण्यातल्या नातीच्या नावे करायचा तर तिचा अर्ज तिच्या राहत्या ठिकाणी होतो आणि मूळ परवान्याची पडताळणी पलीकडच्या राज्यातून यावी लागते. दोन राज्यं, दोन भाषांतले दाखले, दोन ठाणी. हत्यार हलवायचं तेही परवानगीच्या कागदासहित. ना-हरकतीच्या सह्यांसाठी मात्र बडोदा, ठाणे, हुबळी इथली सगळी चुलत-आते भावंडं पुन्हा एकमेकांना फोन करतात. पूर्वी नवमीला जी एकत्र येत तीच आता नोटरीसमोर येतात, आणि त्या निमित्तानं का होईना येतात, याचं मला बरं वाटतं.

त्याच युद्धातून अमेरिकेत परतणाऱ्या सैनिकाला वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा कागद मिळे; हे हत्यार शत्रूकडून घेतलेलं आहे एवढं त्यावर असे. तिथल्या १९६८च्या संघीय कायद्यात मृत्युपत्रानं किंवा वारसानं आलेली बंदूक राज्याबाहेरच्या वारसाला घेता येते, त्याच्या राज्याचे नियम पाळून. ती कुटुंबं तो कागद हत्याराइतकाच जपतात. आमच्याकडे मॉडेल, नंबर, बोअर यांचे रकाने आहेत. ते आलं कुठून, याचा मजकूर आजोबांच्या तोंडीच राहिला.

आणि त्या तोंडी मजकुरावर मी पूर्ण विसंबत नाही. दरवर्षी गोष्ट थोडी वाढायची. एका वर्षी इटालियन अधिकाऱ्यानं शरण येऊन पिस्तूल हातात दिलं, दुसऱ्या वर्षी ते धुमश्चक्रीत मिळालं. मेलेल्या एखाद्या पोराच्या कमरेचं असण्याची शक्यता आम्ही कधी विचारली नाही, त्यांनीही कधी सांगितली नाही. आम्हाला पराक्रम ऐकायचा होता, तो त्यांनी दिला. तरीही ती गोष्ट सांगणारा दिवस गेला याचं दुःख खरं आहे. त्यांना बोलतं करणारं दुसरं काहीच घरात नव्हतं.

ज्या घरांत वारसाचा अर्ज मंजूर झाला तिथले परवाने आता बहुतेक आमच्या वडिलांच्या, काकांच्या नावावर आहेत आणि ते सत्तरीच्या पुढे गेलेत. वयाची ७० वर्षं झाली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं की हयातीतच ते वारसाच्या नावे करायला अर्ज करता येतो. तो आत्ताच करावा, कारण गोष्ट पहिल्या तोंडून ऐकलेले तेच शेवटचे. आमच्या घरात आम्ही फाइलला एक पान आपणहून जोडायचं ठरवलंय: ज्याच्याकडून आलं त्याचं नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर नदी, महिना आणि वडिलांना आठवतात त्या दोन्ही तऱ्हा, एकाखाली एक, कोणती खरी ते न ठरवता.