रडार चालू असताना

घनसावंगीकडं शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्री असते. उसाला नाहीतर मोसंबीला दारं धरायला मग रात्रीच रानात जावं लागतं आणि हातात बॅटरी लागते. बॅटरीचा झोत टाकला की वीस-पंचवीस पावलांवरचा साप दिसतो. त्यापुढं सगळा अंधार. पण तीच बॅटरी मैलभर लांबच्या माणसाला सहज दिसते. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, बांध दिसत नाही. अमक्याच्या रानात कुणीतरी आहे एवढं मात्र त्याला पक्कं कळतं. लांब पल्ल्याच्या हवाई टेहळणी रडारांबद्दल जे काही सांगायचं, त्यातलं निम्मं या बॅटरीत येऊन जातं.

रडार रेडिओलहरी सोडतं, त्या विमानावर आपटतात, त्यातला नाममात्र भाग परत येतो. जाताना लहर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होते आणि येताना पुन्हा तशीच. म्हणून बाकी सगळं तेच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. (माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, पोट सॉफ्टवेअरवर. हे समीकरण आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.) समोरच्याला मात्र फक्त ऐकायचं असतं. त्याच्यापर्यंत लहर एकाच फेरीत पोचते, परतीचा खर्च त्याला नाही. रडारला विमान दिसण्याच्या कितीतरी आधी विमानाला रडार ऐकू येतं ते यामुळं. आणि जितकं लांबचं बघायचं तितकं मोठ्यानं ओरडावं लागतं.

उरलेलं निम्मं मला कळलं ते हवामानाच्या रडारामुळं. २०१५च्या दुष्काळात मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, त्यासाठी औरंगाबादच्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या छतावर डॉप्लर रडार बसवलं होतं. मुंबईत रडार आहे, नागपुरात आहे, मग इथं वेगळं कशाला, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. लहर साधारण सरळ जाते, जमीन खाली वळत जाते. हवेत लहर थोडी वाकते हे धरूनही, सपाट जमिनीवरच्या रडारला १०० किलोमीटरवर सुमारे ६०० मीटरच्या खालचं काही दिसत नाही. ३०० किलोमीटरवर पाच किलोमीटरच्या खालचं दिसत नाही. घनसावंगी मुंबईपासून त्याहूनही लांब. आमच्या ढगांचा खालचा सगळा भाग मुंबईच्या दृष्टीनं जमिनीत गाडलेला.

लढाईत हाच हिशेब मिनिटांत मोजायचा असतो. पन्नास मीटर उंचीवरून येणारं ड्रोन, अँटेना वीस मीटर उंच असली तरी, पन्नास किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसू लागतं. ड्रोनचा वेग ताशी दीडशे किलोमीटर असेल तर हातात वीस मिनिटं. ताशी नऊशेनं येणारं क्रूझ क्षेपणास्त्र असेल तर साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. चारशे किलोमीटरचा पल्ला असं माहितीपत्रकात छापलेलं असतं, ते उंचावरच्या विमानासाठी खरं आहे. खालून येणाऱ्याला तो आकडा लागू नाही.

१९६५च्या युद्धात दोन्ही बाजूंनी हे करून पाहिलं. अमृतसरचं आपलं रडार पाकिस्तानला फार सलत होतं. ते बंद पाडायला त्यांनी पुन्हा पुन्हा विमानं पाठवली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात त्यांचे स्क्वाड्रन लीडर मुनीर अहमद मारले गेले. आपल्या बाजूनं सिंधमधल्या बदीनचं रडार होतं. अमेरिकी मदतीतून उभं राहिलेलं, त्या काळात भारी मानलं जाणारं. २१ सप्टेंबरला विंग कमांडर पीटर विल्सन यांच्या नेतृत्वाखाली १६ स्क्वाड्रनची कॅनबेरा विमानं जमिनीलगत उडत तिथं पोचली आणि त्यांनी रडारवर बाँब आणि रॉकेटं टाकली. जे रडार सबंध दक्षिण सीमेवर नजर ठेवून होतं, त्याच्याच पायाखालून ती गेली. युद्धविराम दोन दिवसांवर होता, त्यामुळं त्या आंधळेपणाचा फायदा घ्यायला फारसा वेळ उरला नाही. तरी हा हल्ला मला त्या युद्धातल्या विमानांच्या झटापटींपेक्षा जास्त शिकवून जातो.

मग १९८२ आलं. ९ जूनला लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्राएलनं आधी वैमानिक नसलेली, आमिषासारखी विमानं पाठवली. सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांवरची रडारं त्यांना बघायला चालू झाली, आणि चालू झाली म्हणून सापडली. १९पैकी १७ तळ त्या दिवशी उद्ध्वस्त झाले. कमी उंचीवरून लपत जाण्याऐवजी समोरच्याला डोळे उघडायला लावायचं, ही नवी रीत.

२०२५च्या मे महिन्यात मी सुट्टीवर गावी होतो, लग्नसराईसाठी. माझा आत्येभाऊ हवाई दलात तंत्रज्ञ आहे, पश्चिम सीमेकडच्या एका रडार युनिटवर. कुठं ते लिहीत नाही. ७ तारखेपासून त्याचा फोन बंद होता. ८ मे रोजी संरक्षण मंत्रालयानं सांगितलं, की पाकिस्तानातल्या अनेक ठिकाणच्या हवाई संरक्षण रडारांवर आणि यंत्रणांवर आपण मारा केला, लाहोरची एक यंत्रणा निकामी झाली. पुढच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले. ९ मेच्या पत्रकार परिषदेत कर्नल सोफिया कुरेशी म्हणाल्या, की आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी आणि माहिती गोळा करणं हा त्यामागचा हेतू असावा. टीव्हीवर ते वाक्य सरकन निघून गेलं. वृत्तनिवेदक किती पाडले ते मोजत होते. मला बेका आठवत होतं. स्वस्त ड्रोन पडावेत म्हणूनच पाठवलेले असतात. कोणतं रडार कुठून, कोणत्या लहरीवर चालू झालं, हे टिपून घेणारा दुसराच कुणी लांब बसलेला असतो.

आत्या आमच्याकडंच होती. टीव्ही बंद करायला लावून तिनं मला विचारलं, “तू शिकला ना त्यातलं? मग सांग बरं, माणसं त्या मशीनपाशीच बसतात का लांब बसतात?”

दोन दिवस चॅनेलांवर नकाशे रंगवणाऱ्या एकाही तज्ज्ञाला हा प्रश्न सुचला नव्हता. मी तिला सांगितलं, की हल्लीच्या बऱ्याच रडारांत अँटेना एका गाडीवर असते आणि माणसं दुसऱ्या केबिनमध्ये, मध्ये लांब केबल. “किती लांब?” “तुझ्या घरापासून बसस्टँड असेल तितकं.” तिनं मनात अंतर मोजलं, “हां, मग बरं,” म्हणाली आणि दूध तापवायला उठली. भावाच्या युनिटवर तसंच आहे का, हे मी त्याला कधी विचारलेलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

ती केबल आली ती एका खास क्षेपणास्त्रामुळं. ते रडारच्याच लहरींचा माग काढत थेट अँटेनावर येतं. अमेरिकेचं हार्म तसंच, आपल्या डीआरडीओचं रुद्रम तसंच. यावर उपाय म्हणजे रडार बंद करणं. पण अलीकडची क्षेपणास्त्रं शेवटची जागा लक्षात ठेवतात, म्हणून बंद करून जागाही सोडावी लागते. बाजूला खोटा आवाज करणारं यंत्र ठेवतात. घिरट्या घालणारी ड्रोनं आल्यापासून यातलं काहीच पुरं पडत नाही, कारण त्यांना घाई नसते. रडार पुन्हा चालू होईपर्यंत ती वर थांबू शकतात. आणि बंद ठेवलं तर ज्या शहरासाठी रडार तिथं उभं आहे, ते आंधळं होतं. किती वेळ बंद ठेवायचं, हे त्या रात्री केबिनमधला कुणीतरी ठरवत असणार. १० मेच्या सकाळी पसरूर आणि सियालकोटच्या रडार तळांवर मारा झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला पहिल्यांदा पलीकडच्या केबिनमधली माणसंही दिसली.

या सगळ्यावर आजचं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे. एकाच मोठ्या डोळ्यावर विसंबायचं नाही. जमिनीवरची लहान-मोठी रडारं, वर उडणारी नेत्रासारखी विमानं, सगळ्यांची माहिती एका जागी आणून एकच चित्र करायचं. हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्करासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सनं केलेली आकाशतीर, या त्यासाठीच्या यंत्रणा. ऐकायला सोपं वाटतं. दोन रडारांनी एकच विमान पाहिलं तर पडद्यावर दोन ठिपके येतात. त्यांची घड्याळं अर्धा सेकंद पुढंमागं असली तर ते एकाच विमानाचे आहेत हे यंत्राला कळत नाही. आमच्याकडं असा घोळ झाला तर एखाद्याला वस्तू दोनदा पोचते. तिथं त्याच ठिपक्यांवर कुणावर काय सोडायचं हे ठरतं.

अशा रचनेचा मोठेपणा काय, तर एक रडार गेलं तरी चित्र जात नाही, शेजारची रडारं भोक बुजवतात. आम्ही ऑफिसात रोज म्हणतो, नोड गेला, दुसरा उचलेल. चहा पीत पीत म्हणतो. ९ मेच्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या हे वाक्य मला आठवलं आणि झोप लागेना. रचना बरोबरच आहे, मी असतो तरी तशीच केली असती. फक्त त्यातला एक नोड माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे आणि त्याला मोसंबीला खत कधी घालायचं ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ११ तारखेला त्याचा फोन आला. पहिल्यांदा आईशी बोलला, मग लग्नात जेवायला काय होतं ते विचारलं.

हवाई दलाची जुनी लांब पल्ल्याची रडारं आता बदलणार आहेत. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोबरोबर संरक्षण मंत्रालयानं १ मार्च २०२४ रोजी यासाठी सुमारे ५,७०० कोटींचा करार केला. त्याच्या बातम्यांत मोठ्या अक्षरात दोनच गोष्टी होत्या, किंमत आणि स्वदेशी. पल्ला किती, यावरही लोक हौसेनं वाद घालतात. मला वेगळे आकडे बघायचे आहेत. बंद करून जागा सोडायला किती मिनिटं लागतात? जागा सोडता येत नसेल तर खोटी अँटेना किती आणि कुठं? आणि आत्यानं विचारलं ते, केबलची लांबी, मीटरमध्ये.