मायबोलीच्या पाऊलखुणा

वऱ्हाडात क्रिया कधी थांबलेली नसते. अमरावतीच्या राजकमल चौकात दोन मित्र भेटले की पहिला प्रश्न येतो, ‘काय करून राह्यला बे?’ अकोल्याकडच्या शिवारात मान वर करून कुणी म्हणतं, ‘आभाय भरून येऊन राह्यलं.’ आणि मनातलं सांगायचं झालं तर, ‘मले असं वाटून राह्यलं.’ पुण्याकडे जे काम नुसत्या ‘वाटतं’वर भागतं, ते आमची बोली घडता घडता पकडते. बोलणाऱ्याचं मन आत्ता, या घटकेला हलतं आहे, हे त्या ‘राह्यलं’मधून ऐकू येतं. या लकबीवर माझं फार प्रेम आहे.

ही बोली घेऊन एखादा मुलगा इंग्रजीच्या तासाला उभा राहतो आणि म्हणतो, ‘सर, आय ॲम अंडरस्टँडिंग.’ वर्ग हसतो. मुलगा खाली बसतो, आणि पुष्कळदा पुन्हा उठत नाही. त्या हसण्याचं मला दुःख होतं. त्याने ‘मले समजून राह्यलं’ हे घरातलं वाक्य नीट पारखून इंग्रजीत मांडलेलं असतं. इंग्रजीत समजणं, माहीत असणं अशी क्रियापदं सहसा चालू काळात जात नाहीत, हे त्याच्या बोलीशी ताडून त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

आता फ्रान्समधला विद्यार्थी पाहा. फ्रेंचमध्ये ‘मी काम करतो’ आणि ‘मी काम करतो आहे’ या दोन्हींना सहसा एकच क्रियारूप पुरतं. त्यामुळे तो नेमका उलटा चुकतो. हातात काम चालू असतानाही ‘आय वर्क नाऊ’ म्हणतो. फ्रेंच नामाआधी उपपद लागतं, म्हणून तो आयुष्यालाही ‘द’ जोडतो: ‘द लाइफ इज ब्युटिफुल.’ मराठीत उपपदच नाही, म्हणून आमची मुलगी ‘आय बॉट पेन’ म्हणून मोकळी होते.

आणि एका वळणावर दोघं चक्क एकत्र येतात. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहते’ हे मराठीत साध्या वर्तमानात बसतं, तसंच फ्रेंचमध्येही. म्हणून मूर्तिजापूरची मुलगी आणि पॅरिसची मुलगी, दोघीही म्हणतात, ‘आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स.’ ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्स्प्लेन मी’ही दोघींच्या तोंडी येतं. एकमेकींना कधी न भेटलेल्या या मुली एकच चूक करतात, कारण दोघींच्याही पाठीशी आपापली आई बोलत असते.

पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने 1967 साली हेच मांडलं: शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात नियम घडत असल्याचा पुरावा असतो. पुढे 1972 मध्ये लॅरी सेलिंकरने या मधल्या, घडत्या भाषेला स्वतंत्र नाव दिलं, आंतरभाषा. मायबोली आणि परभाषा यांच्या मधल्या या टप्प्यालाही स्वतःची शिस्त असते.

वऱ्हाडी बोली इंग्रजीच्या आड येते, हे मला मान्य नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख एडिंबरा, ऑक्सफर्डपर्यंत गेले, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून परतले आणि 1932 साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातल्या पोरांनी शिकावं, हा त्यांचा ध्यास होता.

म्हणून वऱ्हाडातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ ऐकू आलं की फळ्याच्या एका बाजूला ‘मले समजून राह्यलं’ लिहा, दुसऱ्या बाजूला ‘आय अंडरस्टँड’ लिहा, आणि दोन्ही नियम मुलाला सारख्याच मानाने समजावून सांगा. वर्गाला मात्र हसू देऊ नका.