विष पिळून काढलेली भाकरी

कोलंबियातल्या कार्ताहेनात चार दिवस गेले, त्यांतलं सांगण्यासारखं थोडंच आहे. तटबंदी देखणी, ऊन असह्य. आणि चौकाचौकात रंगीत झगा घालून डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या आफ्रिकी वंशाच्या बायका, त्यांच्याभोवती पर्यटकांचा गराडा. फोटो काढायचा, पैसे द्यायचे, निघायचं. मला ते बघवत नव्हतं. या बायकांना 'पालेंकेरा' म्हणतात, म्हणजे पालेंके गावच्या. त्या घरी काय रांधतात, असं मी आमच्या वाटाड्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या गावात बघण्यासारखं काही नाही." पाचव्या दिवशी मी सान बासिलिओ दे पालेंकेला गेले.

कार्ताहेनापासून साधारण ५० किलोमीटरवर, डोंगरांच्या पायथ्याशी हे गाव आहे. चौकात साखळदंड तोडणाऱ्या बेंकोस बिओहोचा पुतळा आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी रानात खुंटांचं कुंपण घालून वस्त्या केल्या. अशा वस्तीलाच 'पालेंके' म्हणत. त्यांच्या नेत्याला, बेंकोसला, स्पॅनिश सत्तेनं १६२१ मध्ये ठार केलं. पण वस्ती राहिली, आणि तिची भाषाही. स्पॅनिशच्या अंगावर कोंगो खोऱ्यातल्या बांटू भाषांचे शब्द ल्यालेली ती भाषा आजही इथे बोलतात. गुराला त्या भाषेत 'न्गोम्बे' म्हणतात. कोंगोतही तोच शब्द.

मी ज्यांच्या अंगणात पोहोचले त्या बाई सत्तरीच्या असाव्यात. मी त्यांना तिथल्या रीतीनं 'सेन्यो' म्हटलं, त्यांनी मला 'नीन्या', म्हणजे पोरी. सूनबाई युका सोलत होत्या. युका म्हणजे कसावाचा कंद. त्याची गोड जात नुसती उकडून खातात. समोरचा ढीग कडू जातीचा होता. तिच्यात असा पदार्थ असतो की कंद किसला, चिरडला की त्यातून सायनाइड सुटू लागतं. नीट प्रक्रिया न करता खाल्लं, तर माणूस दगावू शकतो. पण हीच कडू जात कासाबेसाठी, म्हणजे तिथल्या पातळ, कोरड्या भाकरीसाठी लागते.

खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्यावर कंद किसला जात होता. लगदा गोणपाटात बांधून त्यावर दगड रचले. पाणी गळायला लागलं तशी सेन्योंनी आधी नातवाला आणि मग कोंबड्यांना लांब हाकललं. ते पाणी विषारी. किसल्यानं विष मोकळं होतं, पिळल्यानं बरंचसं वाहून जातं आणि उरलेलं तव्यावरच्या आचेनं उडून जातं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हे तंत्र कोलंबस येण्याच्या कितीतरी आधी सिद्ध केलं होतं.

आदल्या दिवशी पिळलेला लगदा एव्हाना ओलसर रव्यासारखा झाला होता. सेन्योंनी तो हातानं मोकळा केला, चाळला. चुलीवर जाड तवा तापला होता. मी सवयीनं पाण्याच्या भांड्याकडे हात नेला. आमच्या भाकरीला पाण्याचा हात लागतोच. त्यांनी माझं मनगट धरलं. "पाणी नाही, तेल नाही, काही नाही." कोरडा चुरा त्यांनी तव्यावर गोल पसरला, लाकडाच्या फळीनं दाबला, कडा आत सारल्या. दोन-तीन मिनिटांत त्या चुऱ्याची एकसंध भाकरी झाली! उरल्यासुरल्या ओलीत पिष्ट शिजतं आणि तेच सगळं धरून ठेवतं. एका झटक्यात त्यांनी ती उलटली. एक कणही सांडला नाही.

खोबरं आणि पानेला नावाचा तिथला गूळ घातलेला कासाबेही त्यांनी दिला, पण मला तो फार गोड वाटला. साधा कासाबे मात्र खारट चीज ठेवून खाल्ला आणि दुसरा मागितला. किंचित आंबूस, धुराचा वास असलेला, दाताखाली कडकडणारा.

याच कंदाचे पांढरे दाणे आम्ही एकादशीला खातो, हे सांगून मी त्यांना फोनमधला साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "किसतं कोण?" तामिळनाडूत सेलमकडे कारखाने आहेत, यंत्रं किसतात, मी म्हणाले. त्यांनी स्वतःचे तळवे माझ्यापुढे उघडे केले. बोटांच्या पेरांवर पांढरे वण होते.

पालेंकेची संस्कृती युनेस्कोनं २००५ मध्येच गौरवली. डिसेंबर २०२४ मध्ये कासाबे करण्याची परंपराही युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएला या पाच देशांच्या नावावर. कोलंबिया त्यात नाही. ते नाव तिथे असायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांनी ते अंगण पाहिलंय त्यांना दुसरं काही वाटणार नाही.

कार्ताहेनाला गेलात, तर फोटो मागण्याआधी त्या बाईंना पाटीत काय आहे ते विचारा, आणि एक दिवस राखून त्यांच्या गावी जा. कासाबे मिळाला तर जास्त घ्या. कोरड्या डब्यात तो महिनोन्महिने टिकतो.