पंधरा-चाळीस

आमच्या जुन्या घराच्या पडवीत बांबूचं एक नळकांडं अजून खुंटीला टांगलेलं आहे. आत काही उरलेलं नाही, पण नाक जवळ नेलं की खवट एरंडेलाचा वास येतो. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, बैलगाडीचं हे वंगणाचं नळकांडं. एरंडेलात राख कालवून केलेलं काळं, लिबलिबीत वंगण त्यात असे, आणि ते लावायला चिंधी गुंडाळलेली काडी. नांदगावच्या बाजाराला निघायच्या आधी आबा खीळ काढून चाक जरासं बाहेर ओढत, आसाला वंगण फासत, चाक परत सारत. उन्हाळा असला की राख मूठभर जास्त, थंडीत कमी. का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “उन्हात पातळ होऊन गळतंय, थंडीत आकडतंय. आसाला काय पाहिजे ते बघायचं.”

एरंडेल धातूला धरून राहतं, हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. इंग्लंडात वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं इंजिन ऑईल काढलं आणि कॅस्टर ऑईलवरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं. दुकानात तो डबा दिसला की मला पडवीतलं नळकांडं आठवतं.

मग विहिरीवर इंजिन आलं. किर्लोस्करचं, पाच हॉर्सपॉवरचं, हँडल मारून सुरू करायचं. नानांनी, माझ्या वडिलांनी, ते कर्ज काढून घेतलं होतं. त्यात चाळीस नंबरचं ऑईल पडे, बारा महिने तेच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गव्हाला पाणी द्यायचं तर हँडल मारायला आम्ही दोघं लागायचो. लिव्हर उचलून धरायचं काम माझं, फिरवायचं नानांचं. पहिले दहा-बारा फेरे म्हणजे चिखलात रुतलेलं चाक फिरवावं तसे जड. शेवटी आई चुलीवरून गरम पाण्याची कळशी आणायची, नाना ते पाणी इंजिनाच्या जॅकेटमध्ये ओतायचे, थोडं थांबायचे, आणि तेच हँडल निम्म्या जोरात फिरायचं. ज्या गुणाला विज्ञानाच्या पुस्तकात श्यानता म्हणतात, तो मी शाळेच्या आधी नानांच्या खांद्यांवर पाहिला.

वीज आली आणि इंजिन मागे पडलं. नानांनी भागीदारीत एक जुना मेटॅडोर टेम्पो घेतला. ऑईलबद्दलची त्यांची सगळी मतं त्या गाडीने घडवली. बोअर झिजलेलं, बेअरिंगं ढिली. नांदगावहून चाळीसगाव, तिथून औट्रम घाट चढून कन्नडला मका पोचवायचा. घाटमाथ्यावर इंजिन तापलेलं असताना गाडी न्यूट्रलला उभी केली की ऑईलचा लाल दिवा लुकलुकायचा. नानांनी जाड ऑईल टाकलं. दिवा विझला, धूर कमी झाला, ऑईल खाणंही कमी झालं. नाना तेव्हापासून म्हणत, “जाड ते ताकदीचं.”

वाटेत न्यायडोंगरीजवळ नस्तनपूरच्या शनिमहाराजांच्या देवळात शनिवारी आमचा थांबा ठरलेला. आधी देवाला तेल, मग गाडीचं बॉनेट उघडून काडी काढून ऑईल बघायचं, हा क्रम नानांनी कधी मोडला नाही. काडी पुसायचं फडकंही वेगळं, धुतलेलं. एका कणाने बेअरिंग जातं, असं ते सांगायचे. ही त्यांची शिकवण आजही शंभर टक्के खरी आहे.

जाड ऑईलचा उपायही त्या गाडीपुरता खराच होता. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाएवढीही फट नसते. त्या फटीत ऑईलचा पातळ थर असतो आणि सगळा भार त्या थरावर तोललेला असतो. झिजून फट वाढली की ऑईल तिथून लवकर निसटतं, दाब पडतो. मोठ्या फटीला दाट ऑईल तग धरतं. नानांचं निदान चुकलेलं नव्हतं. ते औषध आम्ही पुढे दुसऱ्याच रोग्याला पाजलं.

माझी पिकअप मी २०१६ साली घेतली, तीन वर्षं वापरलेली. टर्बो असलेलं डिझेल इंजिन. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात स्पष्ट छापलं होतं: १५डब्ल्यू-४०. दोन वर्षं मी तेच टाकलं. मग गाडी थोडं ऑईल खाऊ लागली, दोन बदलींच्या मध्ये अर्धा लिटर. नाना म्हणाले, वीस-पन्नास टाक. ज्या गॅरेजात मी जायचो तिथेही तेच सांगितलं: आपल्याकडे ऊन फार, लोड फार, जाडच बरं. मी टाकलं. धूर कमी दिसला, नानांना बरं वाटलं, मलाही.

कांद्याचे दिवस होते. पहाटे चारला लाल कांदा भरून लासलगावला निघायचं. आपल्या नाशिक जिल्ह्यातली थंडी ठाऊक असेलच. निफाडचा पारा पेपरात येतो, पण आमच्या माळावरही पहाटे बोटं वळत नाहीत. गाडी सुरू करायची आणि लगेच चढावरून भरली गाडी ओढायची. दिवसा बाजार समितीच्या रांगेत इंजिन तापवत उभं राहायचं आणि तापलेलंच बंद करायचं. फेब्रुवारीत टर्बोची शिट्टी ऐकू येऊ लागली. मार्चमध्ये गाडीने निळा धूर सोडला आणि चढावर दम टाकला.

मालेगावला इंजिनाचं काम करणारे एक वयस्क मिस्तरी आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी टर्बो सोडवला आणि शाफ्ट बोटाने हलवून दाखवला. तो हलायला नको होता. मग त्यांनी विचारलं, “ऑईल कोणतं?” मी सांगितलं. ते रागावले नाहीत, शेजारच्या स्टुलावर बसवून मला समजावलं. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याचं बेअरिंग ऑईलवर तरंगतं. थंड पहाटे दाट ऑईल चेंबरमधून वर चढायला वेळ घेतं, आणि तुम्ही पहिल्याच मिनिटाला पाय दाबता. “बाकी दोष तुमच्या घाईचा,” ते म्हणाले, “पण ऑईलने तिला साथ दिली.” मला ते पटलं. दोष एकट्या ऑईलवर टाकणं मलाही प्रामाणिक वाटत नाही.

त्यानंतर मी त्या आकड्यांच्या मागे लागलो. डब्ल्यू म्हणजे वजन, असं मी पंचवीस वर्षं समजत होतो. तो हिवाळ्याचा डब्ल्यू आहे, विंटरचा. १५डब्ल्यू म्हणजे शून्याखाली २० अंशांवरही हे ऑईल इंजिन फिरू देतं, आणि उणे २५ ला पंपाने उचललं जातं. ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या मोजणीवरून येतो: त्या तापमानाला ऑईलची श्यानता साडेबारा ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या मधली हवी. पन्नास नंबरची मोजणी तिथून पुढे सुरू होते. दोन आकडे एकाच डब्यात मावतात कारण ऑईलमध्ये लांब साखळ्यांची रसायनं घातलेली असतात. थंडीत ती आकसून बसतात, तापली की उलगडतात आणि ऑईलला फार पातळ होऊ देत नाहीत. आबा मूठभर राखेने ऋतूगणिक जे करायचे ते इथे डब्यातच करून दिलेलं असतं.

आपलं मे महिन्यातलं ऊन ४२-४३ अंशांचं. इंजिनाच्या आतलं ऑईल शंभराच्या आसपास असतं, मे असो की पौष. बाहेर ऊन फार म्हणून ऑईल जाड हवं, ही समजूत बरीचशी इथेच गळून पडते. उलट टोकही बरोबर नाही. आमच्या ओळखीच्या एकाने महाग ते चांगलं म्हणून अशाच जुन्या पिकअपमध्ये पाच-तीस टाकलं. १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात ऑईल किती टिकतं त्याचीही एक चाचणी असते. तिथे पंधरा-चाळीसला किमान ३.७ चा आकडा गाठावा लागतो, तीस नंबरला २.९ पुरतो. चाळीससाठी बनवलेल्या इंजिनाने भरल्या गाडीनिशी कासारी घाट चढायचा तर हा फरक लहान नाही.

नानांना आकडे सांगून पटलं नसतं. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी दोन बाटल्यांत दोन्ही ऑईलं भरून रात्रभर ओट्यावर ठेवली. पहाटे एक पत्रा तिरका टेकवला आणि दोन्ही धारा एकदम सोडल्या. पंधरा-चाळीस खाली पोचलं तेव्हा वीस-पन्नास पत्र्याच्या मध्यावर होतं. नाना शाल गुंडाळून उकिडवे बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विहिरीवरचं हँडल असंच जड जायचं.” आणि थोड्या वेळाने, “आबा थंडीत राख कमी घालायचे.”

आता गाडी सुरू केल्यावर मी अर्धा मिनिट तिला तशीच फिरू देतो आणि पहिले दोन किलोमीटर हळू जातो. घाट चढून आल्यावर लगेच बंद करत नाही. ऑईल अजूनही थोडं कमी होतं. तेवढं वरून टाकतो. तेही पंधरा-चाळीसच. रिकाम्या डब्याला भोक पाडतो, कारण त्यात भेसळीचं भरून परत विकणारे आहेत. जळकं ऑईल बांधावर ओतत नाही.

ज्यांची पिकअप २०२० नंतरची, बीएस-६ ची आहे, त्यांनी माझं ऐकून पंधरा-चाळीस आणू नये. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळीची जाळी असते आणि तिला कमी राखेचं ऑईल लागतं. गाडीच्या पुस्तकात ते पान आहे. पुस्तक बहुधा सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात, पावत्यांच्या खाली असेल. पुढच्या बदलीआधी ते काढा, आकडा बघा, आणि दुकानात तोच आकडा मागा.