माझी छोटी गिटार



मागच्या सत्रात चौथीच्या वर्गाला निबंधाला विषय दिला होता, 'माझी आवडती वस्तू'. मुलांनी सायकल, बॅट, आजीचं घड्याळ असं काय काय लिहिलं. वह्या तपासत असताना एकजण टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, तुमची आवडती वस्तू कुठली?" मी म्हटलं, "गिटार." "मोठी की छोटी?" "छोटी." "का? मोठी तर भारी दिसते की!"

त्या 'का?'चं उत्तर द्यायला लागले आणि तास संपला. ते उत्तर आज सविस्तर लिहिते आहे. कारण यात गिटार आहेच, पण माझ्या हातून झालेली एक चूकही आहे.

आधी मोठी घेतली

डी.एड. करताना मी हार्मोनियमवर प्रार्थना वाजवायला शिकले होते. पण हार्मोनियम घेऊन मुलांमध्ये फिरता येत नाही. कविता म्हणताना वर्गभर फिरता यावं, म्हणून गिटार घ्यायचं ठरवलं. दुकानात गेले आणि भिंतीवरची सगळ्यात भरदार दिसणारी गिटार पसंत केली. घ्यायचीच आहे तर चांगली मोठी घेऊ, असा साधा हिशोब.

तुम्ही दुकानात जी नेहमीची मोठी गिटार बघता तिला 'ड्रेडनॉट' म्हणतात. खालच्या बाजूला ती साधारण 40 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर जाड असते. माझी उंची पाच फूट. खुर्चीत बसून ती मांडीवर घेतली की उजवा हात तिच्यावरून पलीकडे टाकायला खांदा उचलावा लागायचा. डावा हात मानेच्या टोकापर्यंत ताणायचा. अर्ध्या तासात खांदा भरून यायचा. वर्गात नेली तर आणखी एक गंमत. मी तारा छेडल्या की आवाज असा घुमायचा की पहिल्या बाकावरच्या मुलांचं म्हणणंही मला ऐकू येईना. मुलं कविता म्हणायची थांबायची आणि नुसती बघत बसायची. मला वाटलं, वा, किती तल्लीन झालीत! खरं तर त्यांचे आवाज दबले गेले होते.

हळूहळू गिटार शाळेत न्यायची थांबले. मग घरीही काढेना. शेवटी ती कव्हरसकट कपाटावर गेली आणि तिथे सात-आठ महिने राहिली. रोज तिच्याकडे बघून मी स्वतःला एकच वाक्य सांगायचे, "आपल्याला काही गिटार जमत नाही."

गिटार पहिल्यापासून मोठी नव्हती

नंतर वाचताना कळलं, की गिटार मुळात लहानच होती. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत गिटार वाजायची ती घरातल्या बैठकीच्या खोलीत. त्या खोलीला इंग्रजीत 'पार्लर' म्हणतात, म्हणून अशा लहान गिटारला आज 'पार्लर गिटार' हे नाव आहे. घरातल्या बायका-मुली ती वाजवत. तारा आतड्याच्या असत, आवाज मऊ. ऐकणारी माणसं खोलीतलीच, त्यामुळे तेवढा आवाज पुरायचा.

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन नावाचे कारागीर 1833 साली जर्मनीतून न्यूयॉर्कला आले आणि तिथे गिटारी बनवू लागले. त्यांच्या गिटारींच्या मापाचे आकडे गमतीचे आहेत. आकडा जितका मोठा तितकी गिटार लहान! पाच नंबरची अगदी छोटी, दोन नंबरची तिच्याहून मोठी, एक नंबरची त्याहून मोठी. पुढे आणखी मोठी गिटार करायची वेळ आली तेव्हा आकडे संपले. मग शून्य, दोन शून्य, तीन शून्य असं करत पुढे गेले. आज शून्य मापाची गिटार लहान समजली जाते, पण एकेकाळी तीच मोठी होती.

मग आकार वाढला कशासाठी? तर सभागृहं मोठी झाली, नाचाचे वाद्यवृंद आले, बँजोसारख्या कडक आवाजाच्या वाद्यांशेजारी गिटार ऐकू येईना. गिटारीपुढे ठेवायला मायक्रोफोन नव्हता. म्हणून तारा पोलादी झाल्या आणि शरीर वाढलं. 1916 साली पहिली ड्रेडनॉट गिटार बनली. नाव कुणाचं दिलं? 1906 साली समुद्रात उतरलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेचं! आता विचार करा, मी तिसरी-चौथीच्या वर्गात कविता शिकवायला युद्धनौका घेऊन जात होते.

आपल्याकडे ही समज गायकांना आधीपासून आहे. पुरुष गायकांचा तानपुरा मोठा, बायकांचा त्याहून लहान, आणि प्रवासात न्यायला त्याहून छोटी तानपुरी. लहान तानपुऱ्याला कुणी खेळणं म्हणत नाही. तो त्या आवाजाच्या मापाचा असतो, एवढंच.

छोटी घरी आली

पुढच्या वर्षी पुण्यात एका लग्नाला गेले असताना एका दुकानात छोटी गिटार हातात घेतली. खालची रुंदी 33 सेंटिमीटर, जाडी जेमतेम 10. मांडीवर ठेवली, हात टाकला आणि खांदा उचलावाच लागला नाही. लहान मूल कडेवर बसावं तशी ती अंगाला चिकटून बसली. एक कॉर्ड वाजवली तर त्या आवाजाची थरथर थेट छातीला जाणवली.

घरी आणल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोठीला पिल्लू झालं का काय?" मी म्हटलं, "आई, हिला कपाटावर ठेवणार नाही." आणि खरंच ठेवली नाही. ती दिवाणाच्या कोपऱ्यात उभी असते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा मी ती वाजवते. मला विचाराल तर छोट्या गिटारचं सगळ्यात मोठं सुख हेच. ती समोर असते, पटकन उचलता येते, म्हणून ती वाजते. जे वाद्य काढायलाच दहा मिनिटं लागतात ते पहिल्या महिन्यानंतर बाहेर निघत नाही.

आवाजात फरक असतोच. गिटारच्या पोटातली हवा बाटलीतल्या हवेसारखी वागते. मोठ्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर आवाज खर्जातला येतो, छोट्या बाटलीचा वरचा येतो. वर्गात करून बघा, मुलांना फार आवडतं. तसंच छोट्या गिटारमध्ये खर्ज कमी असतो. पण त्यामुळे मधल्या आणि वरच्या तारा स्वच्छ, वेगवेगळ्या ऐकू येतात आणि गाणाऱ्याच्या आवाजाला जागा राहते. मी छोटी गिटार घेऊन पहिल्यांदा कविता सुरू केली तेव्हा दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळा वर्ग गात होता. मुलं तीच, कविता तीच, बाईही त्याच.

तारांचंही तसंच. मोठ्या गिटारची तार साधारण 645 मिलिमीटर लांब असते, माझ्या गिटारची 610. तीच तार, तोच सूर, पण लांबी कमी असेल तर ताण कमी लागतो. इथे तो दहा टक्क्यांनी कमी होतो. ऐकायला थोडं वाटतं, पण नवीन शिकणाऱ्याच्या बोटांना विचारा! शिवाय फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ येतात, त्यामुळे लहान बोटं पोचतात.

कुणी म्हणेल, छोट्या गिटारवर काय होणार? रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने 1936-37 मध्ये 29 गाणी ध्वनिमुद्रित केली, जगभरचे गिटारवादक आजही ती ऐकून शिकतात. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्याच्या हातात छोटीच गिटार आहे. आणि आपल्या सातवीच्या मुलांनाही माहीत असलेला एड शीरन कित्येक वर्षं मोठमोठ्या मैदानांत छोट्या गिटारवर गात आला. मैदानात आवाज पोचवायचं काम आता विजेवरची यंत्रं करतात, लाकडाने फुगायची गरज राहिली नाही.

अपूर्णांकांचा तास

या गिटारने मला गणितातही मदत केली. मुलांना मोजपट्टी देऊन तारेची लांबी मोजायला लावली, 61 सेंटिमीटर. मग विचारलं, अर्धी किती? साडेतीस. ते माप घेतलं तर बरोबर बारावा फ्रेट आला. मोकळी तार 'सा' धरली तर तिथे वरचा 'सा' वाजतो. मग तारेचा दोन तृतीयांश भाग वाजेल असं बोट ठेवलं, 'प' आला. तीन चतुर्थांश भाग ठेवला, 'म' आला. फ्रेटची जागा किंचित इकडेतिकडे असते, पण कानाला ते पटतं. दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश, यावर नेहमी गोंधळणारी मुलं त्या दिवशी म्हणाली, "बाई, तीन चतुर्थांश मोठा, कारण त्याचा आवाज खालचा आहे." फळ्यावरच्या चपात्या कापून जे मला नीट समजावता आलं नव्हतं, ते एका तारेने समजावलं.

माझी चूक

आता ती चूक सांगते. मोठी गिटार शाळेत नेत होते तेव्हा मधल्या सुट्टीत मुलांना हात लावायला द्यायचे. तिसरीतली एक बारकीशी मुलगी दोन-तीनदा आली. गिटार मांडीवर घेतली की तिची हनुवटीच लाकडावर टेकायची, डावा हात मानेपर्यंत पोचायचा नाही. मागची मुलं हसली. ती गिटार ठेवून निघून गेली, पुन्हा आली नाही. सत्र संपताना वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले तेव्हा तिच्यापुढे मी लिहिलं, "संगीतात रस कमी."

पुढच्या वर्षी छोटी गिटार वर्गात आली. दोन दिवस ती मुलगी लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी मीच बोलावलं आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिने हात टाकला, तो पोचला. एक तार छेडली, कान लाकडाला लावून आवाज विरेपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "बाई, ही माझ्या मापाची आहे."

मला एकदम कपाटावरची गिटार आठवली. जे वाक्य मी स्वतःला सांगत होते, "जमत नाही", तेच मी तिच्या नोंदीत वेगळ्या शब्दांत लिहिलं होतं. दोघींच्या बाबतीत चुकलं होतं ते माप. मला ते दुरुस्त करायला पैसे होते, दुकानात जाता येत होतं. तिच्याकडे तसलं काहीच नव्हतं, फक्त माझी नोंद होती. त्या सत्राच्या नोंदीत मी लिहिलं, "सूर लक्षपूर्वक ऐकते. वाद्य हाताळण्याची आवड आहे." पण जुनी नोंद तशीच आहे, ती मला अधूनमधून टोचते. आता 'रस नाही', 'जमत नाही' लिहिण्याआधी मी थांबते. बाक उंच आहे का, पुस्तकाची अक्षरं बारीक आहेत का, कात्री उजव्या हाताची आहे का, हे आधी बघते.

घ्यायची असेल तर

छोटी गिटार घ्यावीशी वाटली तर चार गोष्टी सांगते. एक, फोटो बघून घेऊ नका, मांडीवर घेऊन बघा, खांदा उचलावा लागतो का ते बघा. दोन, खेळण्यातली आणि लहान मापाची गिटार यात फरक आहे. खुंट्या पिळल्यावर सूर टिकतो का आणि बाराव्या फ्रेटवर खरंच वरचा 'सा' येतो का, हे तपासा. तीन, पुढची फळी अखंड लाकडाची असेल तर आवाज गोड, पण पावसाळ्याच्या दमटपणाने ती फुगते. प्लायची त्या मानाने सोशिक असते. शाळेत न्यायची तर प्लायची पुरे. चार, ती उन्हात आणि बंद गाडीत ठेवू नका. आणि हो, तुमचे हात मोठे असतील किंवा मैदानावर परिपाठाला वाजवायची असेल, तर मोठीच घ्या. छोटी तिथे अपुरी पडते, हे मी लपवणार नाही.

मोठी गिटार आता माझ्या भावाकडे आहे. तो सहा फूट उंच. त्याच्या मांडीवर ती शोभते आणि छान वाजते. गिटार वाईट नव्हतीच.

तुमच्या घरी कपाटावर असं काही पडलं असेल, हार्मोनियम, बासरी, रंगपेटी, तर आज खाली काढून बघा. ते तुमच्या मापाचं आहे का, एवढंच स्वतःला विचारा. आणि सोमवारी शाळेत गेलात की हाच प्रश्न एखाद्या मुलाच्या बाबतीतही विचारून बघा.